वाचकांचे प्रश्न : इटलीच्या डोंगरातला एक दिवस

गेल्या अंकात इटलीतील शहरांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देताना मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो, की फ्लॉरेन्समध्ये चार दिवस असणाऱ्याने त्यांतला एक दिवस डोंगरातल्या कारागिरांच्या गावी घालवावा. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या सगळ्या मजकुरावर आली नाहीत. त्यांतील पाच पत्रांचा सारांश आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्त असून सप्टेंबरअखेर फ्लॉरेन्सला चार दिवस राहणार आहोत. आम्हाला तेथे मोटार चालवायची नाही. एका सहल कंपनीच्या कार्यक्रमात सकाळी चीज, दुपारी मातीची भांडी आणि सायंकाळी विणकाम अशी तीन खेडी एकाच दिवसात दाखवण्याचे आश्वासन आहे. ती सहल घ्यावी का? (कोथरूड)

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन गावे एका दिवसात म्हणजे निम्मा दिवस बसमध्ये, आणि प्रत्येक गावी वीस मिनिटांचे प्रात्यक्षिक व त्याला जोडून दुप्पट वेळाचे दुकान. कारागिराच्या कामाचा बराचसा भाग वाट पाहण्यात जातो. लोकर भिजावी लागते, लाकूड वाळावे लागते, धातू निवावा लागतो. घाईने पाहणाऱ्याला त्यातले फक्त शेवटचे चार हात दिसतात. एका दिवसासाठी एकच गाव आणि एकच माल निवडावा, आणि तो माल डोंगरातून निघून माणसाच्या अंगावर कसा येतो तेवढेच पाहावे.

आपल्यासाठी मी कासेंतीनो खोऱ्यातील स्तिया हे गाव सुचवतो. फ्लॉरेन्सहून आरेत्सोपर्यंत साधी गाडी तास-दीड तासात जाते आणि तेथून खोऱ्यात चढणारी छोटी गाडी सुमारे तासाभरात आपल्याला स्तियाजवळच्या शेवटच्या स्थानकावर सोडते. आरेत्सो ते स्तिया हा लोहमार्ग १८८८ मध्ये सुरू झाला. तो तयार झाला तेव्हा खोऱ्यातल्या लोकरीच्या गिरण्या भरात होत्या. सकाळी सातच्या सुमारास निघाल्यास दहाच्या आसपास गावात पोहोचता येते, आणि जेवणाची लांब सुटी सुरू होण्यापूर्वी आपल्या हाती अडीच-तीन तास राहतात. ही सुटी गृहीत धरूनच दिवस आखावा, कारण दुपारी एक ते तीन-साडेतीनपर्यंत डोंगरातले बहुतेक दुकानदार दार ओढून घेतात, आणि या बाबतीत पुणेकराने नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही.

फ्लॉरेन्समध्ये सोनारांच्या दुकानांनी भरलेल्या पोंते वेक्यो या पुलाखालून जी रुंद, संथ आर्नो नदी आपण पाहाल, तीच स्तियामध्ये दगडांवरून उड्या मारणारा ओढा आहे. फाल्तेरोना हा १,६५४ मीटर उंचीचा डोंगर गावाच्या डोक्यावर आहे, आर्नो त्याच्या उतारावर उगम पावते, आणि स्ताज्जा नावाचा दुसरा ओढा तिला गावातच येऊन मिळतो. लोकरीचा धंदा येथे रुजण्याचे कारण या पाण्यातच आहे. विणलेले लोकरीचे कापड ओले करून कुटल्याशिवाय घट्ट होत नाही, आणि हे कुटण्याचे काम पाण्याच्या चाकावर चालणारे लाकडी घण करीत असत. ज्या खोऱ्यात मेंढरांना चरायला डोंगर आहे, घणांना फिरवायला पाणी आहे आणि पाणी तापवायला जंगलाचे सरपण आहे, तेथे वेगळा उद्योग शोधत बसावे लागले नाही.

ते जंगलही सामान्य नव्हे. कामाल्दोलीच्या मठातील साधूंनी शतकानुशतके येथील देवदारसदृश वृक्षांची निगा राखली. अकराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेला हा मठ आजही नांदता आहे. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चचे काम पाहणाऱ्या संस्थेच्या मालकीचीही जंगले याच डोंगरात होती, आणि तेथे तोडलेले ओंडके आर्नोच्या प्रवाहातून शहरात नेले जात. १९९३ पासून हा सारा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. मठापर्यंत जाण्याचा मोह होईल, परंतु स्वतःचे वाहन नसताना एका दिवसात स्तिया आणि कामाल्दोली दोन्ही नीट होत नाहीत. माझ्या मते मठ सोडावा.

गावातील जुन्या गिरणीच्या इमारतीत २०१० मध्ये लोकरीच्या कलेचे संग्रहालय उघडले, तेथे सकाळ घालवावी. कातरलेल्या लोकरीपासून तयार कापडापर्यंतच्या पायऱ्या तेथे एकामागून एक समजतात. मेंढीची लोकर हातात घेतली की तिचा तेलकटपणा बोटांना लागतो, आणि धुणे, पिंजणे, कातणे या क्रियांना एवढे पाणी व एवढे हात का लागत असत, ते वेगळे सांगावे लागत नाही. कापडावर लव उभी करण्यासाठी पूर्वी एका झाडाची काटेरी सुकी बोंडे वापरीत, कारण त्यांचे काटे आकडीसारखे वळलेले असतात आणि धागा तुटण्याआधी स्वतः वाकतात. लोखंडी ब्रशाला हे शहाणपण नसते.

या खोऱ्याचे कापड ‘पान्नो कासेंतीनो’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या पृष्ठभागावर लोकरीचे बारीक गोळे वळलेले असतात, जणू मेंढीचे कुरळे अंगच पुन्हा उगवून आले आहे. उभी केलेली लव गोल घासून हे गोळे वळतात. आज ते यंत्राने होते, पूर्वी दगडाने घासत असे सांगितले जाते. या गोळ्यांमुळे पावसाचे पाणी लवकर आत मुरत नाही आणि कापड झिजतही नाही. म्हणूनच साधू, गाडीवान आणि ओझ्याची जनावरे हे त्याचे पहिले ग्राहक होते. पुढे तेच कापड शहरातल्या श्रीमंतांच्या कोटांना चढले. त्याचा प्रसिद्ध नारिंगी रंग चुकून सापडला, अशी कथा खोऱ्यात सांगतात: कापड पाण्याला टिकावे म्हणून वापरलेल्या तुरटीचा आणि रंगाचा संयोग होऊन लाल अपेक्षित असताना नारिंगी उतरला, आणि लोकांना तो आवडला. तुरटीने रंग पक्का होतो आणि बदलतोही, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांनाही नवे नाही, त्यामुळे मला ही कथा पटण्यासारखी वाटते. नारिंगीच्या जोडीला गडद हिरवा, हे दोन रंग म्हणजे कासेंतीनोची खूण.

आपण माण, फलटण या भागांत धनगरांच्या मेंढरांचे कळप पाहिलेच असतील. दिवाळीनंतर ते कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. कासेंतीनोचे मेंढपाळही हिवाळ्यात कळप घेऊन मारेम्माच्या समुद्राकाठच्या सखल प्रदेशात उतरत असत. मेंढरांच्या अशा हंगामी स्थलांतराला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत इटली, ऑस्ट्रिया आणि ग्रीस यांच्या नावे स्थान मिळाले. आपल्याकडे घोंगडी विणणाऱ्या सनगरांचे घोंगडे चिंचोक्याच्या खळीने ताठ होते आणि कासेंतीनोचे कापड कुटून व घासून दाट होते. काम मात्र एकच, भर पावसात माणसाला व त्याच्या खांद्यावरच्या कोकराला कोरडे ठेवणे. स्तियाला जाण्यापूर्वी घरातले जुने घोंगडे एकदा उलगडून, हात फिरवून पाहावे, म्हणजे तेथे पाहण्यासारखे काय आहे ते आपोआप कळेल.

एक अपेक्षा मात्र घरीच ठेवून जावी. दारात बसून टकळीवर सूत काढणारी आजी आपल्याला तेथे दिसणार नाही, आणि दिसली तर ती छायाचित्रासाठी बसवलेली असण्याचा संभव अधिक. आजचे कासेंतीनो कापड गिरणीत विणले जाते. हातमागाची परंपरा संग्रहालयातील वर्गांत आणि थोड्या कार्यशाळांत टिकून आहे. त्यामुळे कापड खोटे ठरत नाही, फक्त ‘हाताने विणलेले’ या शब्दासाठी कोणी जादा पैसे मागत असेल तर दोन प्रश्न अधिक विचारावेत. स्तियाची दुसरी ओळख घडीव लोखंडाची आहे. विषम वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे युरोपभरच्या लोहारांचा मेळा भरतो आणि भर चौकात ऐरणी मांडल्या जातात. आपल्या तारखांना तो संपलेला असेल. तरीही गावातील जाळ्या, कठडे आणि दिव्यांचे हात पाहत चालावे.

प्रश्न : मी वस्तुरचनेची विद्यार्थिनी आहे. लाकडी कोरीवकामासाठी ऑर्तिसेई येथे जाण्याचा विचार आहे. एका दिवसात काय पाहावे, आणि हाताचे काम व यंत्राचे काम कसे ओळखावे? (कर्वेनगर)

उत्तर : ऑर्तिसेई हे डोलोमाइट पर्वतांतील वाल गार्देना या खोऱ्याचे मुख्य गाव, सुमारे १,२३६ मीटर उंचीवर वसलेले. बोल्त्सानो शहरात मुक्काम असेल तर बस तासाभरात पोहोचवते. गावाच्या पाटीवर तीन नावे दिसतील, लादीन भाषेत उर्तिजेई, इटालियनमध्ये ऑर्तिसेई आणि जर्मनमध्ये सांक्ट उल्रिख, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रियाकडे होता आणि खोऱ्यातले लोक त्याही आधीपासून स्वतःची लादीन बोलत आले आहेत.

कोरीवकाम येथे सतराव्या शतकापासून चालत आले आहे आणि त्याचा उगम शेतीच्या सक्तीच्या सुटीत आहे. बर्फ पडले की शेत बंद. चूल पेटलेली, घरात माणसे बसलेली आणि दारात लाकूड. देवादिकांच्या मूर्ती हे मानाचे काम होते, परंतु खोऱ्याचे पोट मुख्यतः खेळण्यांनी भरले. एकोणिसाव्या शतकात येथील सांधे हलणाऱ्या लाकडी बाहुल्या युरोपभर विकल्या जात. कोणी हात कोरी, कोणी धड, कोणी रंग देई, आणि घरातली मुलेही त्यातून सुटत नसत. खोऱ्यात गाडीरस्ता आला तो १८५६ मध्ये. त्यापूर्वी हा सारा माल फेरीवाल्यांच्या पाठीवरून डोंगर उतरत असे. सावंतवाडीच्या चितारआळीतील खेळणी आपण पाहिली नसतील, तर आधी ती पाहावीत आणि मग येथे यावे, कारण त्या घरांतही काम असेच वाटले जाते.

लाकूड नीट पाहावे. डोंगराच्या उंच भागात वाढणारा एक पाइन येथे विशेष आवडता आहे. त्याचे लाकूड मऊ असते, पटाशीखाली सरळ कापले जाते आणि त्याचा गोडसर वास वर्षानुवर्षे टिकतो. थंडीमुळे झाड फार सावकाश वाढते आणि म्हणून त्याची वलये एकमेकांना चिकटून असतात. दुकानात शिरल्याबरोबर जो वास येईल, तो याच लाकडाचा.

हात आणि यंत्र यांविषयी आपला प्रश्न योग्य आहे आणि तेथील लोकही तो लपवत नाहीत. एक मूळ मूर्ती हाताने घडवायची, मग नक्कल उतरवणाऱ्या यंत्रावर तिच्या अनेक प्रती ओबडधोबड कोरून घ्यायच्या आणि शेवटचा हात माणसाने फिरवायचा, ही पद्धत तेथे दीर्घकाळ रुळली आहे. एकाच आकाराच्या चार मूर्ती शेजारी ठेवून पाहाव्यात. चारही चेहऱ्यांची वळणे तंतोतंत सारखी असतील तर काम यंत्राचे, फक्त रंग माणसाचा. कपड्याच्या चुण्यांत खोलवर, जेथे बोट जात नाही, तेथे पटाशीचे काप दिसतात की गोल फिरणाऱ्या पात्याच्या समांतर रेघा, तेही पाहावे. संपूर्ण हाताचे काम महाग असते आणि ते तसेच असले पाहिजे. गावातील गार्देना संग्रहालयात जुन्या बाहुल्या आणि मूर्ती आहेत. दुकानांच्या आधी तेथे जावे, म्हणजे डोळा तयार होतो.

प्रश्न : आमच्या घराण्यात तांबटकाम होते, वडिलांपर्यंत घण चालला, माझ्यापाशी थांबला. मुलगा मिलानला नोकरीस आहे. घणाचे आणि भट्टीचे जुने काम तेथून एका दिवसात पाहता येईल का? (कसबा पेठ)

उत्तर : आपल्या पत्राने मला सर्वाधिक आनंद झाला. मिलानहून ब्रेशा, आणि तेथून वाल कामोनिका खोऱ्यात चढणारी छोटी गाडी, असा एका दिशेने तीन तासांच्या आसपासचा प्रवास करण्याची तयारी असेल, तर बिएन्नो हे गाव आपल्यासाठीच आहे. तेथील काम तांब्याचे नव्हे, लोखंडाचे. पण आपण घण ऐकायला जाणार आहात, धातूचे नाव वाचायला नाही.

ग्रिन्या नावाच्या ओढ्यातून काढलेला एक जुना कालवा बिएन्नोच्या गल्ल्यांतून वाहतो आणि त्याच्या पाण्यावर तेथील लोहारशाळा चालत. पाण्याचे चाक एक जाड लाकडी आस फिरवते, त्या आसाचे दाते एका लांब तुळईचे शेपूट खाली दाबतात, आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाचा लोखंडी घण वर उचलला जाऊन आपल्या वजनाने ऐरणीवर पडतो. पाणी अधिक सोडले की ठोके जलद. तापलेला तुकडा घणाखाली फिरवणे, एवढेच लोहाराच्या हातात उरते, म्हणजे खरवईच्या लोखंडी खुंटावर भांडे फिरवून ते ठोकत मठारणाऱ्या आपल्या वडिलांचा डावा हात जे करीत असेल तेच. भट्टीला वारा देणारा भाताही पाण्याचाच: उंचावरून नळीत कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा ओढून आणते, खाली एका पेटीत पाणी बाजूला होते आणि कोंडलेली हवा नळीने निखाऱ्यांवर जाते. त्यात एकही हलणारा भाग नाही. गावातील एक लोहारशाळा संग्रहालय म्हणून जपलेली आहे. घण चालू स्थितीत कधी दाखवतात, ते मुलाकरवी आधी फोनवर विचारून मगच दिवस ठरवावा. बंद घण पाहण्यासाठी सहा तासांचा प्रवास करू नये.

त्याच लोहमार्गावर थोडे पुढे कापो दी पोंते येथे खडकांवर कोरलेली प्रागैतिहासिक चित्रे आहेत. १९७९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेले हे इटलीतील पहिले स्थळ. हरणे, झोपड्या आणि भालाईत यांच्या गर्दीत तेथे एके ठिकाणी एक लोहारही कोरलेला आहे. वेळ उरला तर त्याला भेटून यावे.

आपण पत्रात घंटांविषयीही विचारले आहे. घंटा ओतणारे प्रसिद्ध गाव म्हणजे दक्षिणेकडील मोलिझे प्रांतातले आन्योने. तेथील मारिनेल्ली घराण्याच्या ओतशाळेला १९२४ मध्ये पोपची मुद्रा वापरण्याचा मान मिळाला. विटांचा गाभा, त्यावर मातीची खोटी घंटा, तिच्यावर मेणाची नक्षी आणि पुन्हा मातीचे कवच, मग ७८ भाग तांबे व २२ भाग कथील यांचे कासे खड्ड्यात पुरलेल्या साच्यात ओतायचे, असा तो क्रम आहे. पण मिलानहून, किंबहुना रोमहूनही, हे एका दिवसाचे काम नव्हे. तेथे एक मुक्काम हवाच. युरोपीय ओतकामाचा नमुना आपल्याला घराजवळही ऐकता येतो. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या, आणि त्यांतल्या भीमाशंकर व वाईजवळच्या मेणवली येथील घंटा आजही जागेवर आहेत.

प्रश्न : मी सत्तर वर्षांची असून क्रोशाचे विणकाम करते. डोंगरातली लेस कोठे पाहावी? (सदाशिव पेठ)

उत्तर : आओस्ता खोऱ्यातील कोन्ये येथे. उशीवर टाचण्या टोचून, लाकडी फिरक्यांवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून टाकत ही लेस विणतात, आणि कोन्येच्या बायकांचे वैशिष्ट्य असे की त्या खाली कागदी आराखडा ठेवत नाहीत. नमुना डोक्यातच असतो. १६६५ मध्ये फ्रान्समधून आलेल्या जोगिणींनी ही विद्या आणली असे परंपरा सांगते. मुक्काम आओस्तामध्ये करावा, तेथून बस तासाभरात जाते, पण गाव १,५३४ मीटरवर असल्याने सप्टेंबरातही शाल जवळ ठेवावी. आपल्याला जानेवारी चालत असेल तर ३० व ३१ तारखेला आओस्ता शहरात संत ओर्सोची जत्रा असते आणि खोऱ्यातले सगळे कारागीर तेथेच रस्त्यावर येऊन बसतात. मग डोंगर चढण्याचीही गरज नाही. थंडी मात्र कडाक्याची असते.

प्रश्न : शाकाहारी माणसाने काय खावे, बसचे वेळापत्रक कसे वाचावे, घासाघीस करावी का, आणि कारागिराला भेट काय न्यावी? (अनेक वाचक)

उत्तर : कासेंतीनोमध्ये बटाट्याचे सारण भरलेले तोर्तेल्ली नावाचे पास्त्याचे तुकडे मिळतात, परंतु त्यांवर मांसाचा रस्सा घालण्याची रीत आहे आणि सारणातही कधी मांसाचा अंश असतो, म्हणून ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन्हींविषयी विचारावे. सुपाचे पाणी बहुधा हाडांचे असते. चेस्टनटच्या पिठाची रोजमेरी घातलेली जाड वडी, तिचे नाव कास्तान्याच्यो, ही मात्र निर्धोक असते; पहिल्या घासाला ती नाचणीच्या उकडीची आठवण देते, दुसऱ्या घासाला आवडू लागते. जे कडकडीत शाकाहारी आहेत त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की तेथील पारंपरिक चीज वासराच्या जठरातील विरजणाने लावलेले असते.

वेळापत्रकावरील ‘फेरियाले’ हा शब्द सुटीचा दिवस सुचवतो असे वाटते, पण त्याचा अर्थ कामाचा दिवस. रविवार आणि सण यांसाठी ‘फेस्तिवो’ हा शब्द असतो. हे मला ठाऊक नव्हते, आणि त्यापायी एका रविवारी मी एका डोंगरी थांब्यावर चार तास बसून काढले. बसचे तिकीट बहुधा बारमध्ये किंवा तंबाखूच्या दुकानात आधीच घ्यावे लागते. साध्या गाडीचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात ठसा मारूनच गाडीत चढावे. १५ ऑगस्टच्या आगेमागे कारागीर स्वतःच सुटीवर असतात, आणि सोमवारी पुष्कळ संग्रहालये बंद असतात.

घासाघीस करू नये. एका दुकानातील एका पावतीवर ७० युरोंहून अधिक खरेदी असेल तर परदेशी प्रवाशाला कराचा काही भाग परत मिळतो. पासपोर्ट दाखवून त्याचा कागद दुकानातच मागून घ्यावा. डोंगरी गावांत सुऱ्या आणि कात्र्या उत्तम मिळतात. त्या विमानात जवळच्या पिशवीत नव्हे, तर सोपवण्याच्या सामानात ठेवाव्यात. काम चालू असताना छायाचित्र काढण्यापूर्वी ‘पोस्सो?’ एवढे विचारणे पुरते.

भेट म्हणून मिठाई नेऊ नये. घोंगड्याचे एखादे लहान आसन न्यावे. मी एकदा नेले होते. कारागिराने ते उजेडात धरले, कडेची लोकर अंगठ्याखाली चोळली आणि ‘मेंढी कोणती?’ असे विचारले. ‘दख्खनी’ एवढेच मी सांगू शकलो. तिची कातरणी वर्षातून किती वेळा होते, या पुढच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते; आपण जाल तेव्हा ते विचारून जा.